दोन जेवणांच्या मधलं शहर

स्पेनमधलं घड्याळ खोटं बोलतं, आणि तेही सरकारी आदेशाने. नकाशात सेव्हिल शोधा. ते लंडनच्याही पश्चिमेला सापडेल. तरी तिथली घड्याळं लंडनच्या एक तास पुढे धावतात. १९४० साली जनरल फ्रँकोने देशभरातली घड्याळं तासभर पुढे सरकवून बर्लिनच्या वेळेला नेऊन भिडवली. पुढे युद्ध संपलं, बर्लिन पडलं, फ्रँकोही गेला. घड्याळं मागे घ्यायचं एकतर कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा लक्षात आलं आणि जेवणाच्या नादात राहून गेलं. उन्हाळ्यात त्यावर आणखी एका तासाची भर पडते. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस सेव्हिलमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी सव्वादोन उलटल्यावर, आणि मावळतो रात्री साडेनऊनंतर.

हे सगळं मी नवऱ्याला विमानातच समजावून सांगितलं होतं. मी शाळेत इतिहास शिकवला आणि त्याने बँकेत ऑडिट केलं, त्यामुळे आमच्या घरात माहिती मी देते आणि तपासतो तो. या माहितीत त्याला तपासण्याजोगी एकच बाब दिसली.

"म्हणजे जेवायचं किती वाजता?"

"दुपारी अडीचच्या पुढे. रात्री दहा."

त्यावर तो बराच वेळ खिडकीतून ढग बघत बसला. त्याच्या नाशिकच्या घरी साडेबाराला पानं वाढली जातात आणि रात्री साडेआठला ओटा धुऊन स्वयंपाकघरातला दिवा मालवतात. त्यानंतर ज्याला भूक लागेल त्याने ती सकाळपर्यंत सांभाळायची. त्यात तो शाकाहारी आणि मी मालवणची. लग्नाच्या वेळी दोन्ही घरांत या विषयावर बरीच बोलणी होऊन जो तह झाला, त्याचा मसुदा एका ओळीचा होता: तिने खावं, त्याने बघू नये. भारतात हा तह उत्तम चालला. स्पेनमध्ये मात्र न बघण्यासाठी डोळे मिटूनच फिरावं लागलं असतं, कारण तिथे डुकराची आख्खी तंगडी छताला टांगलेली असते. एक नव्हे, ओळीने.

सेव्हिलसाठी आमच्या हातात एकच पूर्ण दिवस होता. मी कागदावर यादी केली: कॅथेड्रल, हिराल्दा मनोरा, अल्काझार राजवाडा, प्लाझा दे एस्पान्या, नदीपलीकडचं त्रियाना, रात्री फ्लामेंको. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला नवऱ्याने त्याची यादी केली: आठ, अकरा, साडेबारा, चार, आठ. पुढे काही लिहिलं नव्हतं. लिहिण्याची गरजही नव्हती.

सकाळी साडेसातला आम्ही बाहेर पडलो तेव्हा रस्ते धुणारे कामगार सोडले तर शहर झोपलेलं होतं. आमच्या पायाशी पाण्याचा फवारा आला आणि फवारेवाल्याने आमच्याकडे कुणाच्या घरी काही झालंय का अशा नजरेने पाहिलं. सव्वाआठला एक बार उघडा मिळाला. स्पेनमध्ये सकाळचा नाश्ता बारमध्ये करतात, हे मी नवऱ्याच्या गळी उतरवत होते. शेजारी एक आजोबा कॉफीबरोबर बडीशेपेच्या दारूचा छोटा पेला घेऊन उभे होते, त्यामुळे ते उतरायला वेळ लागला.

तिथला नाश्ता म्हणजे तोस्तादा. खरपूस भाजलेला पाव, वर किसलेला टोमॅटो, ऑलिव्हचं तेल आणि मीठ. बस्स. अर्धा हवा की आख्खा, एवढंच विचारतात. नवऱ्याने दोन्ही हात फाकून आख्खा मागितला. पहिल्या घासानंतर तो म्हणाला, "यात हिरवी मिरची राहिली." दुसऱ्या घासानंतर काही बोलला नाही. तिसऱ्यानंतर तेलाची बाटली स्वतःकडे ओढून घेतली. मी माझ्या पावावर हामोन मागवलं होतं, म्हणजे त्याच टांगलेल्या तंगडीचे कागदासारखे पातळ काप. तहाचं पालन करत त्याने खुर्ची तिरकी केली आणि भिंतीवरच्या बैलाच्या फोटोकडे बघत पाव संपवला.

मग त्याला एक गोष्ट कळली आणि स्पेनबद्दलचं त्याचं मत एकदम बदललं. तिथे नाश्ता दोनदा करतात. घरून निघताना घाईत एकदा, आणि मग साडेदहा-अकराला कचेऱ्यांतली माणसं रीतसर उठून बारमध्ये येतात आणि सावकाश दुसऱ्यांदा करतात. "आणि लोक उगाच म्हणतात यांना शिस्त नाही," तो म्हणाला. त्या शिस्तीला मान देऊन आम्ही सव्वादहाला चुरोस खाल्ले. सेव्हिलमध्ये कढईभर तेलात पिठाचं भलंमोठं वेटोळं सोडतात, तळून झालं की कात्रीने त्याचे तुकडे करतात आणि दाट चॉकलेटच्या कपासोबत देतात. पीठ, पाणी, मीठ, तेल. नवऱ्याने घटकपदार्थ माझ्याकडून दोनदा वदवून घेतले. चवीला ती तिखटमीठ विसरलेली चकलीच आहे, पण गरम असताना असलं विसरणं माफ करावंसं वाटतं. इथपर्यंत आम्ही एकही प्रेक्षणीय स्थळ पाहिलेलं नव्हतं.

सेव्हिलचं कॅथेड्रल हे जगातलं सगळ्यात मोठं गॉथिक चर्च. १२४८ मध्ये तिसऱ्या फर्नांदोने शहर जिंकलं तेव्हा इथे मोठी मशीद होती. दीडशे वर्षं तीच चर्च म्हणून वापरली आणि मग १४०१ मध्ये ती पाडून नवं बांधायचं ठरलं. पुढच्या पिढ्यांनी बघून आम्हाला वेडे म्हणावं एवढं मोठं बांधू या, असं तेव्हाचे धर्मगुरू म्हणाल्याची दंतकथा आहे. आत शिरल्यावर ती खरी वाटते. नवऱ्याने मान वर केली, खांब बघितले, आणि म्हणाला, "याचं बजेट कुणी पास केलं?"

आत कोलंबस आहे. चार राज्यांचे चार दूत, म्हणजे कास्तिल, लेओन, आरागॉन आणि नावारा, त्याची शवपेटी खांद्यावर घेऊन उभे आहेत. धातूचे आहेत, पण थकलेले दिसतात. थकणारच. या माणसाने मेल्यावर केलेला प्रवास कुणालाही दमवेल. १५०६ मध्ये तो वायादोलिदला वारला. तिथून अस्थी सेव्हिलला आल्या, मग समुद्र ओलांडून सांतो दोमिंगोला गेल्या, १७९५ मध्ये हवानाला, आणि क्यूबा हातचं गेल्यावर १८९८ च्या अखेरीस तिथून निघून परत सेव्हिलला. सांतो दोमिंगोचे लोक अजून म्हणतात की खरा कोलंबस आमच्याकडेच आहे, तुम्ही भलत्याच्याच अस्थी नेल्यात. २००६ मध्ये डीएनए तपासून सेव्हिलमधल्या अस्थी त्याच्याच असल्याचा निर्वाळा शास्त्रज्ञांनी दिला, तरी वाद मिटलेला नाही.

आजूबाजूला जमलेल्या बाकीच्या पर्यटकांना त्या थडग्यासमोर काय वाटत होतं, मला माहीत नाही. मला थोडं अवघडल्यासारखं झालं. हा गृहस्थ आमच्याकडे यायला निघाला होता. वाट चुकला आणि शेवटपर्यंत मानायला तयार नव्हता. पाचशे वर्षांनी आम्हीच आपले पासपोर्ट, प्रवास विमा आणि चिवडा घेऊन त्याच्याकडे आलो.

"चुकला ते बरंच झालं," मी म्हटलं. "बटाटा, शेंगदाणे, रताळं, मिरची, साबुदाण्याचा कंद, सगळं तिकडचं. तिथून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आलं. हा चुकला नसता तर आषाढी एकादशीला आपल्याला खरोखरच उपाशी राहावं लागलं असतं."

नवऱ्याने यावर क्षणभर विचार केला आणि शवपेटीला हात जोडले. आयुष्यात मी दिलेली आणि त्याने न तपासता स्वीकारलेली ही एकमेव माहिती.

हिराल्दा हा मूळचा त्या मशिदीचा मिनार, ११९८ मध्ये पुरा झालेला. वर घंटांचा मजला १५६८ मध्ये चढवला आणि उंची शंभर मीटरच्या पुढे गेली. या मनोऱ्याची गंमत म्हणजे वर जायला पायऱ्या नाहीत, उतरणी आहेत, एकूण ३५. अजान देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून ही सोय केली, असं सांगतात. नवऱ्याच्या गुडघ्यांना ही कथा फार आवडली आणि घोडा का काढून टाकला, याचा त्यांनी पस्तीस उतरणीभर निषेध केला. प्रत्येक वळणावर भिंतीवर आकडा लिहिलेला आहे. अशा आकड्यांनी धीर येतो असं म्हणणाऱ्याने ऑडिटरबरोबर मनोरा चढून बघावा. "अकरा. म्हणजे एकतीस टक्के." "सतरा. अठ्ठेचाळीस पूर्णांक..." पस्तिशी गाठल्यावर शेवटी थोड्या पायऱ्या निघाल्याच. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ताळेबंदात हा खर्च मी दडवून ठेवला होता.

वरून शहर फार सुंदर दिसतं. नवऱ्याने खालच्या चौकात छत्र्या उघडायला सुरुवात झाल्याचं टिपलं.

उतरल्यावर संत्र्यांच्या अंगणात थोडं बसलो. या अंगणाच्या दरवाजाजवळ छताला एक लाकडी मगर टांगलेली आहे. इजिप्तच्या सुलतानाने दहाव्या अल्फोन्सोच्या मुलीला मागणी घालताना जिवंत मगर नजर केली होती, तिची ही आठवण, असं म्हणतात. मुलगी दिली नाही. मगर ठेवून घेतली. आमच्यावेळी माझ्या माहेरच्यांनी पाठवलेल्या सुरमईला सासरी जे स्वागत मिळालं, त्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

सेव्हिलच्या रस्त्यांवर कडू संत्र्यांची हजारो झाडं आहेत. शहरातलं कुणीही ती खात नाही. हिवाळ्यात ती तोडतात, आणि तिकडे इंग्लंडात असल्या संत्र्यांचा मार्मालेड होतो. मे महिन्यातही काही झाडांवर उरलीसुरली होती. मी "कडू असतात" एवढं म्हणेपर्यंत नवऱ्याने खाली पडलेलं एक सोलून फोड तोंडात टाकली होती. ऑडिटर कागदावर विश्वास ठेवत नाही, प्रत्यक्ष पडताळणी करतो. त्यानंतर दोन मिनिटं त्याचा चेहरा गॉथिक शैलीत होता. मला मात्र त्या झाडांखालून चालताना दिवसभर एकच टोचणी लागून राहिली. एवढं फळ, एवढी साल, एवढा कडवटपणा, आणि अख्ख्या शहरात एक बरणी लोणचं नाही.

साडेबारा वाजले. मागच्या बाजूच्या यादीप्रमाणे पान वाढायची वेळ.

"सूर्याच्या हिशेबाने तुझ्या पोटात आत्ता सकाळचे सव्वादहा वाजलेत," मी म्हटलं. "अडीचला जेवणारा स्पॅनिश माणूस उशिरा जेवतच नाही. खरं तर तो मध्यान्हीलाच जेवतो. घड्याळ चुकीचं आहे, माणूस बरोबर."

"मग मला भूक का लागलीय?"

"तुला ती नाशिकच्या वेळेने लागलीय. तिथे चार वाजून गेलेत."

"म्हणजे जेवणही गेलं आणि चहाही," तो गंभीरपणे म्हणाला. या देशात आल्यापासून त्याची दोन खाणी थकबाकीत गेली होती.

एक वाजता बार उघडू लागतात. आम्ही सांता कातालिना चर्चजवळच्या एल रिंकोन्सियोमध्ये गेलो. हा बार १६७० पासून चालू आहे. मी तिथे उभी राहून हिशेब केला. तानाजी मालुसरे ज्या वर्षी सिंहगड चढले, त्या वर्षी या गल्लीत कुणीतरी पहिला पेला ओतला होता. लाकडी काउंटर, काळपट फळ्या, त्यांवर धुळकट बाटल्या, आणि वर अर्थातच तंगड्या. नवऱ्याने उभं राहण्यासाठी जागा निवडताना छताचं बारकाईने निरीक्षण केलं आणि जिथे वर काहीच टांगलेलं नव्हतं असा फूटभराचा चौकोन शोधून त्यात पाय रोवले.

तिथला वाढपी तुमचा हिशेब खडूने थेट काउंटरच्या लाकडावर लिहितो. एक पदार्थ आला की एक आकडा. शेवटी बेरीज, पैसे, आणि फडक्याने पुसून टाकायचं. नवरा हरखला. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्याने असा व्यवहार पाहिला नव्हता. ना पावती, ना प्रत, ना नोंद. पुरावा ग्राहकाच्या डोळ्यांसमोर, आणि पैसे देताच पुरावा नष्ट. त्याने वाढप्याची बेरीज उलट्या बाजूने वाचून तपासली. बरोबर होती. मग तो अर्धा तास इतरांच्याही बेरजा तपासत होता.

खायला पालक आणि छोले आले. हा सेव्हिलचा जुना पदार्थ. लसूण, तळून वाटलेला पाव, लाल मिरचीची पूड आणि जिरं. होय, जिरं. पहिल्या घासाला नवऱ्याने चमचा खाली ठेवला. मला वाटलं, मांस निघालं. पण नाही. "यांना जिरं माहीत आहे," तो हळूच म्हणाला. मुसलमान राज्यकर्त्यांनी या भागावर पाचशे वर्षं राज्य केलं याचे दाखले मी सकाळपासून कमानींत, विटांत, मिनारात दाखवत होते. त्याला ते जिऱ्यात पटले. त्याने आणखी दोन ताटल्या मागवल्या. मी बकालाव माशाची तळलेली पाविया मागवली. खडूच्या आकड्यांचा रकाना लांबत गेला.

ताटल्या लहान असतात हा तापासबद्दलचा, म्हणजे बारमधल्या या छोट्या पदार्थांबद्दलचा, मुख्य आक्षेप. पण तो टिकत नाही. मोठ्या ताटात अन्न उरलं तर अपराधी वाटतं, जास्त घेतलं तर लाज वाटते. इथे सगळं "चव बघू" या नावाखाली चालतं. दोघांनी मिळून काय काय आणि किती खाल्लं हे फक्त लाकडाला माहीत, आणि लाकूड पुसतात.

दुसऱ्या एका बारमध्ये मात्र आम्हाला जगाच्या या भागातल्या शाकाहाराची व्याख्या कळली. साल्मोरेहो म्हणजे टोमॅटो, पाव आणि तेल घोटून केलेलं थंडगार दाट सार. निष्पाप पदार्थ. आला तो वर हामोनचे तुकडे भुरभुरून. आम्ही हातवारे केले. वाढपी मनापासून दुःखी झाला. मांस नको म्हणता, पण हे तर इतकंसंच आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याने ती वाटी माझ्याकडे सरकवली आणि भरपाई म्हणून सॅलड आणलं. त्यात ट्यूना होता. दोन्ही मी संपवलं. तहाच्या पूरक कलमानुसार, पैसे दिलेलं टाकायचं नाही.

साडेतीनला अल्काझारचं वेळ ठरवलेलं तिकीट होतं. राजवाडा क्रूर म्हणून गाजलेल्या पेद्रो राजाने १३६४ च्या सुमारास बांधायला घेतला. राजा ख्रिश्चन, कारागीर मुसलमान, भिंतींवर अरबी अक्षरांत सुलतान पेद्रोची स्तुती. एवढी मोकळीक क्रूर माणसाला कशी सुचली असा प्रश्न मला पडला आणि असे प्रश्न आपण उन्हात उभं राहून सोडवू नयेत हेही लगेच कळलं. वरच्या मजल्यावर आजही राजघराणं येऊन राहतं. बागेत मोर आहेत. गेम ऑफ थ्रोन्सचं चित्रण इथे झाल्यामुळे तरुण मुलं पाण्याच्या कडेला उभी राहून क्रूर चेहरे करत फोटो काढत होती. नवरा एका फरशी लावलेल्या थंड बाकावर बसला आणि त्याने राजवाडा तिथूनच पाहिला. फरश्या अप्रतिम आहेत, असं त्याचं मत. ज्या बाकावर बसला होता, त्यावरच्या.

बाहेर आलो तर कॅथेड्रलच्या कोपऱ्यावर काही बायका येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातात रोझमेरीची काडी देत होत्या. काडी फुकट. ती घेतली की हात धरून भविष्य सांगतात, आणि भविष्याचे मात्र पैसे पडतात. जर्मन, जपानी, अमेरिकन असे सगळे धडाधड अडकत होते. पण ज्याचं लहानपण त्र्यंबकेश्वराच्या देवळाबाहेर गेलं, त्याला असं कुणी अडकवू शकत नाही. नवऱ्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले, नजर तीस फूट पुढे लावली आणि वेग न बदलता सरळ निघून गेला. त्या बाईने त्याच्याकडे धंद्यातल्या आदराने पाहिलं.

आणि मग आली ती वेळ, जिच्याबद्दल पर्यटनाची पुस्तकं पुरेसं सांगत नाहीत. दुपारी चार ते रात्री आठ. या काळात स्पेनमधली स्वयंपाकघरं बंद असतात. बार उघडा दिसतो, माणसं बसलेली दिसतात, कॉफी मिळते, बिअर मिळते. अन्न नाही. गॅस बंद. आचारी घरी. तुम्ही भुकेले आहात हे सांगितलंत तर लोक सहानुभूतीने ऐकतात आणि साडेआठला या म्हणतात. माझ्या मते ही अडचण नाही, योजना आहे. या चार तासांत माणसाला खायला मिळालं असतं तर सेव्हिलमधली अर्धी वास्तुकला कुणीच पाहिली नसती.

प्लाझा दे एस्पान्या आम्ही असाच पाहिला. १९२९ च्या प्रदर्शनासाठी आनिबाल गोंझालेस या वास्तुकाराने उभारलेलं हे प्रचंड अर्धवर्तुळ. समोर नावा वल्हवण्याचा कालवा, त्यावर पूल, आणि भिंतीला लागून ४८ प्रांतांचे रंगीत फरश्यांनी मढवलेले बाक. स्पॅनिश माणसं आपापल्या प्रांताचा बाक शोधून तिथे फोटो काढतात. आम्ही वायादोलिदचा निवडला. कोलंबस जिथे गेला ते गाव, आणि त्या बाकावर त्यावेळी सावली होती. नवऱ्याने पिशवीतून चिवड्याची पुडी काढली. शेजारच्या बाकावरच्या लहान मुलीने हात पुढे केला. तिला दिला. तिच्या आईला दिला. आजीने शेंगदाणा उचलून निरखला, मग कढीपत्त्याचं पान उचलून काहीतरी विचारलं. स्पॅनिश न येताही नवऱ्याने तिला कढीपत्ता समजावून सांगितला, मराठीतच, सावकाश आणि मोठ्याने. ती मान डोलावत होती. जाताना तिने त्याच्या गालाला हात लावला. कालव्यात नाव वल्हवायचं माझ्या यादीत होतं. ते राहिलं. पण चिवडा संपला.

संध्याकाळी नदी ओलांडून त्रियानात गेलो. ग्वादालकिविर नदी इथे रुंद आणि शांत आहे. याच नदीतून मॅजेलनचा ताफा १५१९ मध्ये निघाला. पाच जहाजं, सुमारे अडीचशे माणसं. तीन वर्षांनी एल्कानो या कप्तानाच्या हाताखाली एक जहाज परत आलं, त्यावर १८ जण आणि पोटात लवंग. मॅजेलन वाटेतच मारला गेला होता. मी हे सांगताना नेहमी थोडी भारावते. शाळेतही भारावायची. यावेळी मी पुढचंही सांगितलं. परतीच्या वाटेवर त्यांना कळलं की रोज न चुकता लिहिलेल्या त्यांच्या नोंदवहीत एक दिवस कमी भरतोय. पृथ्वीला पश्चिमेकडून प्रदक्षिणा घातल्यामुळे एक दिवस कुठेतरी गळाला होता.

नवरा पुलाच्या कठड्याला टेकून थबकला. दिवसभरात पहिल्यांदा त्याचे डोळे इतिहासाने पाणावले. "बिचारे," तो म्हणाला. "तीन वर्षं रोजची नोंद, आणि शेवटी एका दिवसाचा फरक. शोधून काढायचा कुठे?"

मे म्हणजे तिथे गोगलगायींचा मोसम. बारबाहेर पाट्या लागतात. मसालेदार रश्शात शिजवलेल्या छोट्या गोगलगायी वाटीत येतात. शंखातून चोखून खायच्या, रस्सा प्यायचा. तिसऱ्यांचे शिंपले चोखण्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे शिकवावं लागत नाही. नवरा लांबच्या टेबलावर बसला होता. "या आपल्या कुंडीतल्याच ना?" त्याने तिथून विचारलं. "ज्यांच्यावर मी मीठ टाकतो?" मी हो म्हटलं. "यांनीही टाकलंय."

फ्लामेंको रात्री पावणेनऊला, एका छोट्या दालनात. त्रियाना ही जिप्सी कुटुंबांची जुनी वस्ती. त्यांची भाषा आपल्या भाषांच्या कुळातली. त्यांचे पूर्वज वायव्य भारतातून हजारेक वर्षांपूर्वी निघाले आणि स्पेनमधली त्यांची पहिली नोंद १४२५ ची. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्रियानातल्या बहुतेकांना शहराच्या कडेच्या वसाहतींत हलवण्यात आलं. आता त्यांच्या घरांच्या जागी बसून त्यांचं गाणं ऐकायला तिकीट लागतं. हे मी तिथे बोलले नाही, पण तिकीट काढताना मनात आलं.

नवरा कॉलेजात तबला शिकला होता. टाळ्या सुरू झाल्याबरोबर त्याची बोटं मांडीवर चालू लागली. "बारा मात्रा!" तो माझ्या कानात म्हणाला. "एकताल!" पुढच्या मिनिटाला गोंधळला. मात्रा बाराच, पण आघात तीन, सहा, आठ, दहा आणि बारा असे तिरपागडे, आणि काही प्रकारांत मोजायला सुरुवातच बारापासून करतात. "सम कुठाय?" त्याने विचारलं. "यांची सम कुठाय?" मग नाचणारी बाई, साठीच्या पुढची, भरदार, संथपणे पुढे आली, काही क्षण नुसती उभी राहिली आणि टाचांनी एवढी लांबलचक तिहाई घेतल्यासारखं काहीतरी करून बरोबर त्या कोपऱ्यावर थांबली, जिथे मघापासून नवऱ्याला काहीच सापडत नव्हतं. सगळे "ओले!" म्हणाले. नवरा "क्या बात है!" म्हणाला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. गिटारवाल्याने मान वर करून त्याच्याकडे बघत हुंकार दिला. नंतरचा पाऊण तास माझ्या नवऱ्याला भूक लागली नाही. याची नोंद मी स्वतंत्रपणे घेतली.

बाहेर आलो तेव्हा सव्वादहा झाले होते आणि पश्चिमेला अजून थोडा उजेड होता. नदीकाठची टेबलं आता कुठे भरत होती. तळलेली वांगी आली, वर उसाची काकवी सोडलेली. बटाट्याचं जाडजूड आमलेट आलं. अंडं चालतं, हे कलम त्याने स्वतःच नदी ओलांडताना तहात घातलं होतं. आमच्या बाजूला बाबागाडीतल्या बाळासकट एक कुटुंब आलं आणि सव्वाअकराला त्यांनी शांतपणे मेनू मागितला. आजी, आजोबा, शाळकरी मुलं. मुलं टेबलांमधून चेंडू खेळत होती. कुणी त्यांना झोपा म्हणत नव्हतं.

बिल कागदावर आलं, म्हणजे नवऱ्याच्या आवाक्यात. त्याने चष्मा लावला. "हे काय? पावाचे वेगळे पैसे?" टोपलीत पाव आणि करंगळीएवढ्या कडक काड्या, पिकोस, न मागता ठेवतात आणि माणशी आकार लावतात. तिथली रीतच आहे. मला वाटलं, आता वाद होणार. वाढपीही सावरून उभा राहिला. नवऱ्याने रक्कम मोजून दिली, बक्षिसी दिली, चष्मा काढला. मग चिवड्याची रिकामी पुडी उघडली आणि टोपलीतले सगळे पिकोस मोजून तिच्यात भरले.

"उद्या दुपारी चार ते आठ," तो म्हणाला, आणि पुडीला रबरबँड लावला.